मुलांच्या खोल्या झाडणारे गुरुजी

आपल्या ग्रामदैवताच्या मंदिराचा जीर्णोद्धार सिद्धीस जाऊन ही स्मरणिका वाचकांच्या हाती पडत आहे. वर्गणी जमली, कारागीर मिळाले. परंतु वाळू वाहायला, आवार झाडायला हाक दिली की पिकल्या केसांची मंडळीच आधी येतात, ही खंत वडीलधाऱ्यांनी अनेकदा बोलून दाखवली. दोष एकट्या पोरांचा नाही. कोणी पुण्याला जातो, कोणी नीरेपलीकडे शिरवळच्या कारखान्यात पाळीवर असतो. तरीही तरुणांना गावच्या कामात ओढावे कसे, हे ज्यांना साधले त्या साने गुरुजींचे चरित्र या प्रसंगी आठवावेसे वाटते.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजी कोकणात पालगड येथे झाला. घराणे खोतांचे, पण वैभव ओसरलेले. दापोली, औंध, पुणे असे फिरत त्यांनी गरिबीत शिक्षण पुरे केले. १९१७ साली आई गेली. तिच्या आठवणींचे ‘श्यामची आई’ त्यांनी पुढे १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले, हे आपणा सर्वांस ठाऊक आहेच.

१९२४ साली ते खानदेशात अमळनेरच्या शाळेत शिक्षक झाले. पुढे तिथल्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. लांबलांबच्या खेड्यांतली मुले तिथे राहत. खोल्यांत केर, कंदिलाच्या काचा काळ्या, अंथरुणे तशीच पसरलेली. दुसरा कोणी असता तर छडी उगारली असती, नाहीतर दंड बसवला असता. गुरुजींनी तसे काही केले नाही. मुले खोलीत नसली की ते स्वतः जाऊन खोली झाडीत, काचा पुसून ठेवीत, अंथरुणे नीट घालीत, कोणाचे धोतर राहिले असेल तर तेही धुऊन टाकीत. त्याचा उच्चारही नाही. परत आलेली मुले ओशाळत, आणि हळूहळू ती कामे आपण होऊन करू लागली. मुलांसाठी ते छात्रालयाचे हस्तलिखित दैनिकही काढीत. काही जण त्यांना हळवे म्हणून हिणवीत. पण असला हळवेपणा अंगी बाणवायला किती नेट लागतो, ते एखाद्या बापाने आठवडाभर करून पाहावे!

१९३० साली नोकरी सोडून ते स्वातंत्र्याच्या लढ्यात उतरले. तुरुंगवास घडले. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती गुरुजींनीच टिपून घेतली. १९३६ साली फैजपूरला खेड्यातले पहिले काँग्रेस अधिवेशन भरले, तेव्हा ते खानदेशात गावोगाव हिंडले. १९४१ साली पुण्यात राष्ट्र सेवा दल उभे राहिले आणि तिथली मुले त्यांना आपले दैवत मानू लागली.

या मुलांचे बळ दिसले ते पंढरपूरच्या वेळी. विठ्ठलाच्या मंदिरात अस्पृश्य मानलेल्या बांधवांना प्रवेश नव्हता. तो मिळावा म्हणून प्राण पणाला लावायचे गुरुजींनी ठरवले. सेनापती बापटांच्या सांगण्यावरून त्यांनी आधी काही महिने थांबून महाराष्ट्रभर दौरा काढला. सेवा दलाच्या कलापथकातील मुलेमुली बरोबर असत. ती गाणी म्हणत, लोकांना समजावून सांगत. वाटेत कित्येक गावांनी आपली देवळे आणि पाणवठे मोकळे केले. अखेर १ मे १९४७ रोजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झाले. दहाव्या दिवशी दादासाहेब मावळंकरांच्या मध्यस्थीने बडवे मंडळींनी संमती दिली. पांडुरंग नावाच्या माणसाने पांडुरंगाचे दार उघडवले. त्यानंतर गुरुजींना फार आयुष्य लाभले नाही. ११ जून १९५० रोजी त्यांचे निधन झाले.

या दौऱ्याच्या दिवसांतली एक गोष्ट आपल्या वाटेवरची आहे. सारोळ्याचा पूल ओलांडून, खंबाटकी उतरून सुरूरला आले की वाईचा फाटा लागतो. वाईच्या पुढे, पाचगणीच्या घाटाच्या पायथ्याशी पसरणी हे गाव आहे. तिथला कृष्णराव साबळे नावाचा मुलगा लहानपणी शिकायला अमळनेरला होता आणि तिथे त्याला गुरुजींचा सहवास लाभला. पुढे शाहीर साबळे म्हणून महाराष्ट्राने ज्यांना डोक्यावर घेतले, ते हेच. १९४७ साली हा तरुण पंचविशीच्या आतला होता. त्याने आपल्याच गावात पुढाकार घेतला, आणि पसरणीच्या भैरवनाथाचे मंदिर गुरुजी व सेनापती बापट यांच्या उपस्थितीत सर्वांना खुले झाले.