‘राजारामियन’ म्हणजे नेमके कोणत्या राजारामांचे?

राजाराम कॉलेजचे माजी विद्यार्थी स्वतःला अभिमानाने ‘राजारामियन’ म्हणवतात. हे कॉलेज आज सागरमाळावर आहे, राजारामपुरीपासून जवळच. त्यामुळे दोन्ही नावे एकाच महाराजांची, असा अनेकांचा समज होतो. प्रत्यक्षात हे राजाराम वेगवेगळे आहेत.

शब्द कसा बनला?
इंग्रजीत व्यक्तीच्या नावाला ‘इयन’ हा मूळ लॅटिन प्रत्यय लावून विशेषण करतात. व्हिक्टोरिया राणीवरून ‘व्हिक्टोरियन’ झाले, तसे राजारामवरून ‘राजारामियन’.

मग राजारामपुरी कोणाची?
ती राजर्षी शाहूंचे पुत्र राजाराम महाराज यांची. त्यांची कारकीर्द १९२२ ते १९४० अशी होती. कॉलेज मात्र त्याआधीचे, १८८० चे. त्याला नाव मिळाले ते दुसऱ्या राजाराम महाराजांचे.

कोण होते हे राजाराम?
जन्म १८५० चा. मूळचे पाटणकर घराण्यातले नागोजीराव. दत्तक आले आणि १८६६ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर बसले. इंग्रजी शिकले. १८७० मध्ये समुद्र ओलांडून इंग्लंडला गेले. परदेशगमन धर्मबाह्य मानले जाण्याचा तो काळ. तिथे त्यांनी राणी व्हिक्टोरियाची भेट घेतली आणि प्रवासाची रोजनिशी इंग्रजीत लिहिली.

परतीच्या वाटेवर इटलीतील फ्लॉरेन्स शहरात ते आजारी पडले. ३० नोव्हेंबर १८७० रोजी तिथेच त्यांचे निधन झाले. वय अवघे वीस. दहनाची प्रथा नसलेल्या त्या शहरात विशेष परवानगी काढून आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर अंत्यसंस्कार झाले. १८७२ मध्ये त्यांची रोजनिशी लंडनमध्ये प्रसिद्ध झाली.

नाव कुठे उरले?
फ्लॉरेन्समध्ये दहनाच्या जागेजवळ छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. शेजारचा १९७८ चा पूलही त्यांच्यामुळेच ओळखला जातो. पण ‘इंदियानो’, म्हणजे ‘भारतीय’ या नावाने. तिथे माणसाचे नाव गळून फक्त देश उरला. कोल्हापुरात त्यांच्या नावाचे कॉलेज निघाले. गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारखे विद्यार्थी तिथे शिकले.

राज्य करायला या राजाला जेमतेम चार वर्षे मिळाली. शिकण्यासाठी घराबाहेर पडलेल्या त्या तरुणाचे नाव शिकणाऱ्यांनीच जपले. ‘राजारामियन’चा अर्थ तो हाच.