बाबूराव बागूल : मराठी समीक्षेला वेगळा प्रश्न विचारणारे लेखक

नाशिकरोडजवळचं एकलहरे औष्णिक वीज केंद्रामुळे अनेकांना माहीत आहे. याच परिसरातल्या विहितगावात १७ जुलै १९३० रोजी बाबूराव बागूल यांचा जन्म झाला. दलित कथेला धार देणारे लेखक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. मात्र साहित्याकडे कसं पाहावं, याचा त्यांनी केलेला विचारही तितकाच महत्त्वाचा आहे.

लेबर कॅम्प ते सुरत

लहानपणीच ते मुंबईला आले आणि माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये वाढले. कामगार चळवळ आणि आंबेडकरी चळवळ, दोन्ही त्यांनी तिथे जवळून पाहिल्या. पुढे रेल्वेच्या नोकरीसाठी सुरतेत असताना भाड्याची खोली मिळवायला जात लपवावी लागली. हे सहन न होऊन त्यांनी नोकरीच सोडली. हाच अनुभव १९६३ साली आलेल्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या संग्रहाच्या शीर्षककथेमागे आहे.

नायक कोण होऊ शकतो?

त्या काळी मराठी समीक्षेवर बा. सी. मर्ढेकरांच्या सौंदर्यविचाराची छाप होती. कलाकृतीची घडण कशी आहे, हा त्यातला मुख्य प्रश्न. बागुलांनी त्याच्याही आधीचा प्रश्न विचारला : साहित्यात नायक होण्याचा मान कुणाला मिळतो? ज्या समाजव्यवस्थेने शूद्र, अतिशूद्र आणि स्त्रियांना माणूसपण नाकारलं, तिच्या साहित्यातही ते दुय्यमच राहिले, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८१ च्या ‘दलित साहित्य : आजचे क्रांतिविज्ञान’ या पुस्तकात हा विचार सविस्तर आला आहे. दलित साहित्य एका जातीपुरतं नसून त्याच्या केंद्रस्थानी माणूस आहे, ही त्यांची भूमिका होती.

आज काय उरलं?

२६ मार्च २००८ रोजी नाशिकमध्ये त्यांचं निधन झालं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ त्यांच्या नावाने कथालेखनाचा पुरस्कार देतं.

पण दलित साहित्य हे अभ्यासक्रमातलं एक वेगळं प्रकरण मानलं, की बागुलांचा प्रश्न तेवढ्या प्रकरणापुरताच राहतो. त्यांना तो सगळ्या साहित्याला विचारायचा होता. समीक्षेला पुढे जायचं असेल, तर कोणत्याही कादंबरीबद्दल किंवा मालिकेबद्दल तो विचारता आला पाहिजे : इथे कुणाला नाव आहे, कुणाला मन आहे आणि कोण फक्त झाडू मारून निघून जातं?