शरीराचा जमाखर्च

पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आठवतात. मला त्याच तालुक्यातले गागोदेही आठवते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी तिथे विनायक नरहरी भावे, म्हणजे आपले विनोबा, जन्मले.

माझी हयात बँकेत गेली. चरित्र वाचतानाही मी जमाखर्च पाहतो. विनोबांची प्रकृती तोळामासा. १९३८ मध्ये ते फारच खंगले. थंड हवेच्या ठिकाणी जाण्याऐवजी त्यांनी वर्ध्याजवळचे पवनार निवडले. धाम नदीचा पूल ओलांडतानाच त्यांनी साऱ्या कामांची चिंता मनातून टाकली. मग रोज थोडे खोदकाम, बेताबेताने वाढवलेले. प्रकृती सुधारली. अंगाचा थकवा कुठला आणि मनावरचे ओझे कुठले, हे त्यांना कळले होते असे मला वाटते.

मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णाला ही पारख रोजच करावी लागते. या आजारात मज्जातंतूंवरचे आवरण खराब होते. विलक्षण थकवा येतो, पण तो वरून दिसत नाही. पुष्कळांना खिन्नताही येते. दोन्ही एकमेकांत इतके मिसळतात की त्याचे त्यालाही चटकन उमगत नाही. घरच्यांनी त्याला आळस म्हणू नये.

मात्र मन खंबीर असले म्हणजे औषध नको, असे नव्हे. १९५२ च्या अखेरीस बिहारमधील चांडिलला (आता झारखंडात) विनोबांना मलेरियाने गाठले. त्यांनी आधी औषध नाकारले, पण अनेकांच्या आग्रहावरून अखेर घेतले. पुढे भूदानासाठी ते वर्षानुवर्षे चालले. १९८२ मध्ये पवनारला त्यांनी अन्न-औषध सोडून देह ठेवला, तो सत्त्याऐंशी वर्षांचे आयुष्य जगून झाल्यावर. आपल्या घरातल्या आजाऱ्याने गिरवायचा तो चांडिलचा धडा.