पुस्तकांसाठी बांधलेलं घर

सिव्हिलला असल्यामुळे घर म्हटलं की मला आधी प्लॅन, एस्टिमेट आणि व्हायव्हा आठवतो! कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी वाचन तसं कमीच. पण गेल्या सुट्टीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं चरित्र वाचलं आणि एका घरापाशी थांबले. दादरच्या हिंदू कॉलनीतलं ‘राजगृह’.

या घराची गोष्ट माझ्या मते बडोद्यापासून सुरू होते. १९१७ साली अमेरिका आणि लंडनमध्ये शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानात नोकरीला गेले. अस्पृश्य म्हणून त्यांना कुणी जागा देईना. पारशी नाव सांगून ते पारशांच्या धर्मशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसं दारात आली. दोन मित्रांना विचारलं, दोघांनीही टाळलं. गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाठी बागेत बसून राहिले आणि मुंबईला परतले. त्याच वर्षी वेगळ्या बोटीने येणारी त्यांची पुस्तकंही पाणबुडीच्या हल्ल्यात बुडाली.

पुढे कित्येक वर्षं परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्या. त्यातच संसार, भेटायला येणारी माणसं आणि वाढत जाणारी पुस्तकं. बाबासाहेब लंडनला असताना रमाबाईंनी किती काटकसरीत दिवस काढले! पाचपैकी चार मुलं लहानपणीच गेली.

१९३० नंतर, गोलमेज परिषदांची धावपळ चालू असतानाच्या त्या वर्षांत, राजगृह उभं राहिलं. खाली कुटुंब, वर ग्रंथालय. आपल्या आय.एस. ८७५ मध्ये घराच्या खोलीला दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन लोड धरतात, पुस्तकांच्या स्टॅक रूमला किमान ६. म्हणजे माणसांपेक्षा पुस्तकांचं वजन जास्त! हे पाठ करताना आता मला राजगृहच आठवतं.

पण चाळीतून नव्या घरात आलेल्या रमाबाईंना ते घर फार दिवस लाभलं नाही. २७ मे १९३५ रोजी त्याच घरात त्या गेल्या. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं.

हॉस्टेलची रूम मिळाली तेव्हा खिडकी रस्त्याच्या बाजूला नाही म्हणून मी दोन दिवस कुरकुर केली होती. नाव विचारून मला कुणी बाहेर काढलं नाही, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. उद्या मी घरांचे प्लॅन काढीन. सिमेंट-स्टीलचा हिशोब जमेलही, पण त्या घरात कुणाला जागा मिळणार, हेही विचारायला हवं ना?