आधी ध्रुपद धरलं



हरिपाठ मी तीनदा सुरू केला आणि तीनदा सोडला. कारण एकच, मन लागत नाही. ओठ चालू आणि डोक्यात ऑफिस. म्हटलं, देवापुढे असलं नाटक कशाला? आज गाथेत तुकोबारायांनी स्वतःची हकीकत सांगितलेला अभंग आला आणि मी तिथंच अडकलो.

देहूचं खातंपितं घर. वाण्याचा धंदा, सावकारी, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विठोबाची पूजा. मग आईवडील गेले, थोरले बंधू सावजी तीर्थयात्रेला निघून गेले. त्यात १६२९-३० चा दुष्काळ. पैसा आटला, धंदा बुडाला, गावातला मान गेला. पहिली बायको रखमाबाई भुकेनं गेली. नुसतं वाचतानाही पोटात खड्डा पडतो.

अशा वेळी तुकोबांनी हाती काय घेतलं? गावातलं विठ्ठलाचं पडकं देऊळ. पूर्वज विश्वंभरबाबांच्या वेळचं. ते नीट करावं असं मनात आलं आणि केलं. मग एकादशीला कीर्तन सुरू केलं. आणि इथंच ते सरळ कबूल करतात की सुरुवातीला चित्ताला अभ्यास नव्हता. अहो, तुकोबांच्या चित्ताला! म्हणून थांबले का? नाही. संतांची वचनं विश्वासानं पाठ केली. पुढे दुसरे गायचे, हे मागे उभे राहून ध्रुपद धरायचे. ज्यांचे अभंग आज अख्खी वारी गाते, ते आधी दुसऱ्यांच्या मागे गात होते.

कर्जखतांचा प्रसंग तुम्हाला माहीत असेलच. धाकट्या कान्होबाला त्याचा अर्धा वाटा दिला आणि आपला इंद्रायणीत सोडला, असं परंपरा सांगते. थोरच आहे ते, पण खरं सांगू? माझ्यासारख्या ईएमआयवाल्याला ते ऐकून फक्त धडकी भरते. ध्रुपद धरणं मात्र जमेल असं वाटतं. स्वप्नात नामदेवराय येणं, कवित्व, हजारो अभंग, हे सगळं नंतरचं.

परवा एकादशी आहे. आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरचे काका-काकू भजन करतात. आजवर लिफ्टमधूनच ऐकलं. यावेळी जाऊन मागे बसणार आहे. टाळ धरता येत नाही, ते काकांनाच विचारतो.