बुद्धिबळवीर मीर सुलतान खान

आमच्या धाराशिव जिल्ह्यातल्या खेड्यात पारावर म्हातारी माणसं बुद्धिबळ खेळतात. त्यांचं बघून बघून मी शिकलो. त्यांच्या देशी डावात प्यादं एकच घर चालतं. एका स्पर्धेत समोरच्या मुलाने पहिल्याच खेळीला प्यादं दोन घरं पुढे टाकलं. मी म्हणालो, हे चालत नाही. सगळे हसले. मी डाव हरलो आणि घरी येऊन रडलो.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी मला सुलतान खान यांची माहिती सांगितली.

ते पंजाबातल्या मिठा टिवाणा गावचे. तेसुद्धा आधी देशी डावच शिकले होते. सर उमर हयात खान या जमीनदारांनी त्यांना आश्रय दिला. त्यांनी नवे नियम मोठेपणी शिकून घेतले. १९२८ साली ते भारताचे अजिंक्यवीर झाले आणि १९२९ साली विलायतेला गेले. इंग्रजी फारसं येत नव्हतं, तरी १९२९, १९३२ व १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद त्यांनीच जिंकलं. हेस्टिंग्जच्या १९३०-३१ च्या स्पर्धेत माजी जगज्जेते कापाब्लांका यांना त्यांनी हरवलं!

मायदेशी परतल्यावर १९३५ साली आपल्या व्ही. के. खाडिलकरांशी ते दहा डाव खेळले. नऊ जिंकले, एक बरोबरीत सुटला. पुढे मात्र ते मोठ्या स्पर्धांत दिसले नाहीत. १९६६ साली पाकिस्तानात सरगोधा इथे ते वारले. ग्रँडमास्टर हा किताब त्यांना मिळाला तो २०२४ साली, मरणानंतर ५८ वर्षांनी.

आता मी पारावर देशी डाव खेळतो आणि शाळेत नवा. आजोबांनाही दोन घरांची चाल शिकवली आहे. पुढच्या स्पर्धेला मी पुन्हा जाणार आहे.