जगाची घड्याळे जुळविणारा अभियंता

सूर्य डोक्यावर आला की दुपारचे बारा वाजले, हा हिशेब माणसाने हजारो वर्षे बिनतक्रार पाळला. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. त्यामुळे पूर्वेकडच्या गावाला सूर्य आधी भेटतो, पश्चिमेकडच्या गावाला नंतर. साहजिकच प्रत्येक गावाचे बारा निराळे. बैलगाडीने जाणाऱ्या वाटसरूला त्याची कधी अडचण झाली नाही. प्रवासालाच दिवसचे दिवस लागत, तिथे पाच-दहा मिनिटांची फिकीर कोण करणार? पण एकोणिसाव्या शतकात आगगाडी आली, पाठोपाठ तारायंत्र आले आणि हीच पाच-दहा मिनिटे माणसाला अडवू लागली. हा गुंता सोडविण्यासाठी ज्यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग वेचला, त्या सर सँडफोर्ड फ्लेमिंग यांची ही ओळख.

फ्लेमिंग यांचा जन्म ७ जानेवारी १८२७ रोजी स्कॉटलंडमधील कर्कॉल्डी या गावी झाला. भूमापनाचे शिक्षण त्यांनी लहान वयातच घेतले आणि १८४५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते कॅनडात आले. परक्या देशात ओळखीपाळखी फारशा नव्हत्या. नकाशे काढणे, जमिनी मोजणे अशी मिळतील ती कामे करीत त्यांनी जम बसविला. १८५१ साली निघालेल्या कॅनडाच्या पहिल्या टपाल तिकिटाचे चित्रही त्यांचेच. त्यावर त्यांनी राणीचा मुखवटा न घालता धरण बांधणारा बीव्हर हा कष्टाळू प्राणी काढला, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झाले.

त्यांच्या चिकाटीचा एक किस्सा आपल्या महाविद्यालयातील मंडळांच्या चिटणीसांनी लक्षात ठेवावा असा आहे. १८४९ साली टोरांटोत काही मित्रांच्या साहाय्याने त्यांनी कॅनेडियन इन्स्टिट्यूट ही विद्वत्संस्था काढली. काही महिन्यांतच सभासदांचा उत्साह ओसरला आणि एका सभेला तर फ्लेमिंग धरून दोघेच हजर राहिले! दोघांनी सभा मोडली नाही. एकाने अध्यक्षपद घेतले, ठराव रीतसर संमत झाले आणि संस्था जगली. पुढे तीस वर्षांनी फ्लेमिंग यांनी जगाच्या वेळेसंबंधीचे आपले निबंध वाचले, ते याच संस्थेच्या व्यासपीठावरून.

दरम्यान त्यांचे नाव रेल्वेचे अभियंते म्हणून गाजले. कॅनडाच्या पूर्वेकडील प्रांतांना जोडणाऱ्या इंटरकलोनिअल रेल्वेचे ते मुख्य अभियंता होते. पूल लाकडाचे न बांधता लोखंडाचेच बांधावेत, असा आग्रह त्यांनी वरिष्ठांचा रोष पत्करून धरला. १८७१ पासून अटलांटिक ते पॅसिफिक अशा खंडव्यापी लोहमार्गाच्या पाहणीचे काम त्यांच्याकडे आले. १८७२ साली त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह हा सारा प्रदेश घोडा, होडी, बैलगाडी, मिळेल त्या साधनाने ओलांडला. जो माणूस हजारो मैलांचा देश असा पायाखाली घालतो, त्याला सूर्य गावोगाव कसा मागेपुढे होतो, हे पुस्तकातून शिकावे लागत नाही.

अडचण काय होती, हे थोड्या गणिताने स्पष्ट होईल. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे. हॅलिफॅक्स आणि टोरांटो या शहरांच्या रेखांशांत सुमारे सोळा अंशांचे अंतर आहे. म्हणून त्यांच्या स्थानिक वेळांत तासाहून थोडा अधिक फरक पडतो. मधल्या प्रत्येक मोठ्या शहराची वेळ आपापली. प्रवाशाने खिशातले घड्याळ किती वेळा फिरवायचे? आणि एकाच रुळावरून समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांचे चालक निरनिराळ्या घड्याळांवर विसंबले, तर गाठ अपघाताशीच!

१८७६ च्या उन्हाळ्यात आयर्लंडमध्ये फ्लेमिंग यांची गाडी चुकल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. वेळापत्रकात गाडी संध्याकाळी ५ वाजून ३५ मिनिटांची छापली होती. प्रत्यक्षात ती पहाटे त्याच वेळेला सुटून गेली होती. त्यांना रात्र स्टेशनवर काढावी लागली, असे सांगतात. दुसरा कोणी स्टेशनमास्तरशी भांडून मोकळा झाला असता. फ्लेमिंग मात्र या चुकीच्या मुळाशी गेले. दिवसाचे बारा-बारा तासांचे दोन तुकडे कशासाठी? एक ते चोवीस असे सरळ तास का मोजू नयेत? आज आपल्या रेल्वेच्या वेळापत्रकात संध्याकाळची ही वेळ १७.३५ अशी छापतात. पहाट आणि संध्याकाळ यांची गल्लत तिथे होऊच शकत नाही.

हा विचार तेवढ्यावर थांबला नाही. १८७८-७९ च्या सुमारास त्यांनी संपूर्ण जगासाठी योजना मांडली. पृथ्वीचे पंधरा-पंधरा अंशांचे चोवीस पट्टे करावेत, प्रत्येक पट्ट्याला इंग्रजी वर्णमालेतील एक अक्षर द्यावे, आणि त्याच्याही वर साऱ्या जगाची मिळून एकच वैश्विक वेळ असावी. स्थानिक वेळ आणि ही वैश्विक वेळ एकाच तबकडीवर दाखविणारे घड्याळही त्यांनी लंडनमध्ये मुद्दाम तयार करवून घेतले. आरंभीचे रेखावृत्त कोणत्याही राष्ट्राच्या अभिमानाला धक्का लागू नये म्हणून ग्रिनिचच्या बरोबर विरुद्ध बाजूला, पॅसिफिक महासागरात धरावे, असेही त्यांनी सुचविले.

या कल्पनेचे सारे श्रेय एकट्या फ्लेमिंग यांना देणे न्यायाचे होणार नाही. इटलीतील क्विरिको फिलोपांती यांनी १८५८ मध्ये आणि अमेरिकेतील चार्ल्स डाउड यांनी १८७० मध्ये अशाच प्रकारच्या योजना मांडल्या होत्या. १८ नोव्हेंबर १८८३ रोजी अमेरिका आणि कॅनडातील रेल्वे कंपन्यांनी प्रमाण वेळेचे पट्टे प्रत्यक्ष अमलात आणले, त्यामागे विल्यम ॲलन यांची खटपट मोठी होती. फ्लेमिंग यांचे वैशिष्ट्य असे की, इतर बहुतेक जण आपापल्या देशापुरते किंवा रेल्वेपुरते पाहत असताना ते पृथ्वीचा गोल समोर ठेवून बोलत राहिले. सरकारांना पत्रे आणि टिपणे पाठवीत राहिले. मोठमोठ्या ज्योतिर्विदांकडून थंड उत्तरे आली तरी ते थांबले नाहीत.

ऑक्टोबर १८८४ मध्ये वॉशिंग्टन येथे पंचवीस राष्ट्रांची परिषद भरली. फ्लेमिंग तिथे प्रतिनिधी होते. जगातील जहाजांच्या एकूण वाहतुकीपैकी सुमारे ७२ टक्के वाहतूक ग्रिनिचचे रेखावृत्त धरून केलेल्या नकाशांवर चालते, ही आकडेवारी त्यांनी परिषदेपुढे ठेवली. ग्रिनिचच्या बाजूने बावीस मते पडली, विरुद्ध एक. फ्रान्स आणि ब्राझील तटस्थ राहिले. पॅसिफिकमधील रेखावृत्ताची फ्लेमिंग यांची सूचना मात्र मागे पडली. वेळेच्या पट्ट्यांचे बंधनही परिषदेने कोणावर घातले नाही. प्रत्येक देशाने पुढे आपापल्या सोयीने ते स्वीकारले. फ्रान्सने १९११ मध्ये ग्रिनिचची वेळ घेतली खरी, पण कायद्यात ग्रिनिचचे नाव येऊ दिले नाही; पॅरिसची वेळ नऊ मिनिटे एकवीस सेकंद मागे घेतली, एवढेच लिहिले!

असा अभिमान केवळ फ्रान्सचाच होता असे नाही. आपल्याकडे रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत असे. मुंबई आणि कलकत्ता यांच्या वेळा निराळ्या होत्या. १ जानेवारी १९०६ पासून ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची भारतीय प्रमाण वेळ सुरू झाली. ती साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ. मुंबईचे रेखावृत्त त्याच्या पावणेदहा अंशांच्या आसपास पश्चिमेला. म्हणून मुंबईची स्थानिक वेळ तिच्याहून एकोणचाळीस मिनिटे मागे होती. ही एकोणचाळीस मिनिटे सरकारने वरून लादली, अशी अनेक मुंबईकरांची भावना झाली, आणि मुंबईची वेळ त्यानंतरही कित्येक वर्षे, थेट स्वातंत्र्यानंतरच्या काळापर्यंत, शहरात टिकून राहिली. एका शहरात दोन घड्याळे! सोय सगळ्यांना हवी असते, पण त्यासाठी आपले बारा कोणी सोडायचे, हा प्रश्न गणिताने सुटत नाही.

वेळ बदलण्याची रीत मात्र अगदी सोपी आहे. आधी आपली वेळ ग्रिनिचवर न्यावी, मग हव्या त्या देशाकडे. मुंबईत सकाळचे नऊ वाजले असता साडेपाच तास वजा केले की ग्रिनिचला पहाटेचे साडेतीन. टोकियो नऊ तास पुढे, म्हणून तिथे दुपारचे साडेबारा. टोरांटो पाच तास मागे, म्हणून तिथे आदल्या रात्रीचे साडेदहा. उन्हाळ्यात तिथली घड्याळे तासभर पुढे करतात, तेव्हा साडेअकरा. पूर्वेकडे मिळवा, पश्चिमेकडे वजा करा, आणि पॅसिफिकमधील वाररेषा ओलांडताना वार बदला. पट्टे सर्वत्र पूर्ण तासांचे नाहीत, एवढे ध्यानात ठेवावे. भारताचा अर्धा तास फ्लेमिंग यांच्या चौकटीत बसत नाही, नेपाळचे पाच तास पंचेचाळीस मिनिटे तर मुळीच नाहीत. आणि एवढा विस्तीर्ण चीन एकाच घड्याळावर चालतो.

फ्लेमिंग यांना आयुष्यात पराभव कमी आले नाहीत. १८८० मध्ये खंडव्यापी रेल्वेचे मुख्य अभियंतापद त्यांना सोडावे लागले, आणि त्यांनी निवडलेली यलोहेड खिंड टाळून कंपनीने मार्ग दुसऱ्या खिंडीतून नेला. तरीही ७ नोव्हेंबर १८८५ रोजी त्या मार्गाचा अखेरचा खिळा ठोकला गेला, त्या प्रसंगाच्या छायाचित्रात उंच टोपी घातलेले, पांढऱ्या दाढीचे फ्लेमिंग खिळा ठोकणाऱ्याच्या मागेच उभे दिसतात. पदावर राग धरून ते कामापासून दूर गेले नव्हते. पॅसिफिकच्या तळातून कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया जोडणाऱ्या तारेसाठी त्यांनी अनेक वर्षे झगडा दिला. ती १९०२ मध्ये पुरी झाली. १८८० पासून अखेरपर्यंत ते किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठाचे कुलपती होते. स्वतः विद्यापीठाची पायरी विद्यार्थी म्हणून न चढलेल्या माणसाला हा मान पस्तीस वर्षे लाभला. २२ जुलै १९१५ रोजी हॅलिफॅक्स येथे, वयाच्या ८८ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

साऱ्या जगाने एकच घड्याळ लावावे, हे त्यांचे स्वप्न लोकव्यवहारात उतरले नाही. लोकांना आपली सकाळ सकाळीच हवी असते. पण विमानांचे वैमानिक आणि वेधशाळांतील शास्त्रज्ञ आज जी जागतिक वेळ चोवीस तासांच्या मापाने पाळतात, ती त्यांच्याच विचाराच्या दिशेने गेलेली आहे. निसर्गाने प्रत्येक गावाला स्वतःचे बारा दिले. ते थोडे पुढेमागे करून शेजाऱ्याच्या बारांशी जुळवून घेणे, हा माणसांनी आपसांत केलेला करार आहे. असे करार एका दिवसात होत नाहीत. सभेला दोघेच आले तरी ती रीतसर पार पाडणारी माणसे त्यासाठी लागतात.